ओबिस्पोचा हिशेब

डेल्फिनो आर्चुलेटाच्या वळूचं नाव ओबिस्पो.
मानेभोवती पांढरा पट्टा, बिशपच्या कॉलरसारखा,
आणि चालही तशीच,
वाट आपसूक मोकळी होणार
या खात्रीची.

मार्चपासून तो माझ्या लसूणघासात येतो.
तारा तोडत नाही. टेकतो.
टनभर वजन हळूच टेकवतो,
आणि माझ्या बापाने रोवलेले जुनिपरचे खांब
एकामागून एक गुडघ्यांवर येतात.

पहिल्यांदा मी पातेलं बडवलं.
दुसऱ्यांदा ट्रकचा हॉर्न.
तिसऱ्यांदा तो वळला,
आणि मी पाटात,
डोंगरावरून नुकत्याच वितळून आलेल्या पाण्यात कमरेपर्यंत.
एक बूट वाहून गेला.

मग एप्रिलातली ती पहाट.
पलोमा तबेल्याच्या दारात उभी,
अठरा वर्षांची घोडी,
मागची मांडी उघडी पडलेली पिशवीसारखी.
मला पाहून नाकसुद्धा फुरफुरवलं नाही तिने.
डॉक्टरने एकतीस टाके घातले,
मी फोनचा उजेड धरून होते
आणि उजेड हलत होता.

शेरिफचा माणूस आला. पोरगाच होता.
बुटांना माती नव्हती.
टोपी छातीशी धरून म्हणाला,
"बाई, आपल्याकडचा कायदा जुना आहे.
ज्याचं जनावर त्याने बांधावं, असं नाही.
ज्याला नको, त्याने कुंपण घालावं."

कुंपणच शेत खातं, हे ऐकून होते.
इथे शेतालाच सांगत होते,
तूच हो कुंपण.

तीनशे चाळीस डॉलरचं बिल घेऊन मी टेकडी उतरले.
वाटभर शिव्या जुळवत होते,
तीन तर फार चांगल्या जमल्या होत्या.
डेल्फिनो टेबलाशी घेवडा निवडत बसला होता.
चष्मा शोधला. बिल आधी उलटं वाचलं, मग सुलटं.
"पैसे नाहीत, एलोईसा," म्हणाला,
"पण नाही म्हणत नाही."
मी म्हटलं, वीक तो वळू.
"विकतो की. धरायला कोण येतं, सांग."
त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर,
मळकं, महिन्याभराचं.
त्यावर कुणाचीच सही नव्हती.

शिव्या तशाच घेऊन परत आले.

नंतर तो फेडत राहिला.
पेंडीच्या दुकानाच्या कॅलेंडरवर मी मांडत गेले.
गाडीभर लाकडं, चाळीस.
अंड्यांचे डझनाला चार धरले, तर म्हणाला,
तीन धर, यातली दोन बारीक आहेत.
भाजलेल्या मिरच्यांचं पोतं आणलं
तेव्हा पाठीमागून ओबिस्पोही आला,
सोबत केल्यासारखा,
आणि आम्ही दोघं ट्रकवर चढून बसलो
अर्धा तास,
मिरच्यांच्या वासात,
फारसं न बोलता.

ऑगस्टमध्ये पाट गाळाने बुजला.
मी माणसं शोधत होते गावभर.
संध्याकाळी येऊन पाहते तर पाणी वाहतंय,
काठावर गाळाचे ढीग, एका बाजूला कललेले,
एकाच हाताने उपसल्यासारखे.
आणि दारात माझा बूट.
धुतलेला. आत वर्तमानपत्र कोंबलेलं.

बुटाचे किती धरायचे?

आज रात्री बेरीज केली. पुन्हा केली.
बूट सोडूनही
बावीस डॉलर मीच त्याचं देणं लागते.
पेन्सिल खाली ठेवली.

बाहेर चांदणं आहे,
आणि लसूणघासात ओबिस्पो,
माझी तिसरी कापणी सावकाश रवंथ करत.
पलोमाने कान मागे पाडलेत.
तिच्या मांडीवर केस उगवलेत, पण पांढरे.

मी खुंटीवरचं पातेलं काढलं.
बूट घातले.
दोन्ही.